पाणी जळते म्हणे, खरं काय?

नाल्याकाठचा: वावराच्या वर मळीपासून स्पिरिट काढणारा कारखाना आहे. नाल्याचं पाणी कोऱ्या चहासारखं, वास करपलेल्या काकवीचा. बैल तोंड लावत नाही. मॅनेजर म्हणतो, पाणी जाळायचं यंत्र आणतो. पाणी जळते काय बाप्पा?

ईटीपीवाला (सांडपाणी शुद्धीकरणवाला), बुटीबोरी: पाणी नाही भाऊ, त्यातली घाण जळते. याला वेट एअर ऑक्सिडेशन म्हणतात. ज्वाळा नसते. बंद भांड्यात 200 ते 300 अंश तापवतात, दाब एवढा की पाणी पाणीच राहते. मग कॉम्प्रेसरने हवा घुसवतात. सीओडी, म्हणजे घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला 20 ग्रॅमच्या वर असला की बहुतेक स्वतःच्याच उष्णतेवर चालते. मळीच्या स्पेंट वॉशचा, म्हणजे स्पिरिट काढून उरलेल्या पाण्याचा, तर 100 च्या आसपास! पण क्लोराइड साधं स्टेनलेस खाते, टायटॅनियम लागते. नळ्यांत चुन्याचा थर बसतो. मॅनेजरला भांडं कशाचं ते विचारा.

नाल्याकाठचा: निघालेलं पाणी कपाशीले चालन काय?

ईटीपीवाला, बुटीबोरी: थेट नाही. ॲसिटिक आम्ल उरते, म्हणजे व्हिनेगरचंच. ते जिवाणूंच्या टाकीत संपवावं लागते. क्षार मात्र जळत नाहीत.

वर्धेकर: यंत्र येईल तवा येईल. आज बाटलीत नमुना भरा, तारखेची चिठ्ठी लावा. आमचा पंचनामा तेवढ्यासाठीच अडला होता.