टेक्सासचा पुढचा अ‍ॅटर्नी जनरल: मत कसं ठरवू? सल्ला हवा

सीडरपार्कची | १२ जानेवारी २०२६
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं, मतदार नोंदणीही झाली. ३ मार्चच्या प्रायमरीत (पक्ष आपला उमेदवार निवडतात त्या निवडणुकीत) अमेरिकेतलं पहिलं मत द्यायचं आहे. प्रश्न फक्त अ‍ॅटर्नी जनरलचा आहे (म्हणजे राज्याचा मुख्य सरकारी वकील; पुढे एजी म्हणते). केन पॅक्स्टन २०१५ पासून त्या खुर्चीत आहेत. आता ते अमेरिकेच्या सेनेटला उभे आहेत, म्हणजे जागा रिकामी होणार.

मी एका लहान शहराच्या नगरपालिकेत काम करते. इथल्या माहिती अधिकाराचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. एखादा कागद द्यायचा नाही असं वाटलं तर आम्हाला १० कामकाजी दिवसांत एजींच्या कार्यालयाला विचारावं लागतं. ते ४५ कामकाजी दिवसांत लेखी निर्णय देतात आणि आम्ही तो पाळतो. ते पत्र कायदा वाचूनच लिहिलेलं असतं, असा माझा कायम विश्वास होता. पॅक्स्टन यांच्यावरच्या २०२३ च्या महाभियोगात एक आरोप नेमका याच प्रक्रियेचा ओळखीच्या माणसासाठी गैरवापर केल्याचा होता, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी आरोप नाकारले, राज्याच्या सेनेटने निर्दोष सोडलं, तेही वाचलं. तरी मनातून जात नाही.

तर: उमेदवार कशावरून पारखू? आणि नव्या माणसाने आधी काय दुरुस्त करावं? वाचायला माझ्याकडे दोनच संध्याकाळी आहेत. पक्षाचा प्रचार आणि सेनेटची चर्चा कृपया नको.

डॅलस_वीस_वर्षं
अभिनंदन! मी २००६ पासून इथे आहे, एकही निवडणूक चुकवलेली नाही. सरळ सांगतो, प्रायमरीत रिपब्लिकन पक्षाची मतपत्रिका घ्या. प्रचार करत नाही, गणित सांगतो. १९९४ नंतर राज्यपातळीवर डेमोक्रॅट जिंकलेला नाही. निकाल मार्चमध्ये नाहीतर २६ मेच्या रनऑफमध्ये (पहिल्या दोघांच्या फेरमतदानात) लागतो. तिकडे चौघे आहेत: खासदार चिप रॉय, राज्य सेनेटर मेज मिडलटन आणि जोन हफमन, आणि पॅक्स्टन यांचा पाठिंबा असलेले एरन राइट्झ. सेनेटच्या जागेचंही थोडं सांगतो, कारण दोन्ही एकमेकांत अडकलेलं आहे. सेनेटर कॉर्निन स्वतः १९९९ ते २००२ एजी होते, आणि

सीडरपार्कची
दादा, सेनेट नको म्हटलं होतं ना.

गारपीटग्रस्त_प्लेनो
माझा अनुभव ऐका. गारपिटीत छप्पर गेलं, एका ठेकेदाराने निम्मे पैसे आगाऊ घेतले आणि फोन बंद. एजींच्या कार्यालयात ग्राहक तक्रार केली. तेव्हा समजलं की ते एकेका माणसाचे वकील म्हणून उभे राहत नाहीत. एकाच माणसाविरुद्ध तक्रारी साठल्या की राज्याच्या वतीने दावा लावतात. तोवर आपले पैसे आपणच वसूल करायचे. मी जस्टिस कोर्टात, म्हणजे लहान दाव्यांच्या न्यायालयात गेलो (२०,००० डॉलरपर्यंत तिथे जाता येतं) आणि दावा जिंकलो. या राज्यात छपरं बसवणाऱ्यांना राज्याचा परवानाच लागत नाही! पुढच्या एजीने आधी विधिमंडळाकडे तो कायदा मागावा. जो उमेदवार हे बोलेल त्याला माझं मत.

जर्सीकर
मुळात एजी निवडून द्यायचाच कशाला? आमच्याकडे गव्हर्नर नेमतो आणि सेनेट मान्यता देते. निवडणूक म्हटली की देणग्या आल्या, आणि देणगीदारांची कामं आली.

ह्यूस्टनची_वकील
जर्सीकर, ४३ राज्यांत एजी निवडूनच येतो. पाच राज्यांत गव्हर्नर नेमतो, मेनमध्ये विधिमंडळ गुप्त मतदानाने निवडतं, टेनेसीत तिथलं सर्वोच्च न्यायालय. नेमलेला एजी नेमणाऱ्याविरुद्ध चौकशी करेल का, हा प्रश्न तुमच्याकडेही आहेच. मूळ प्रश्नावर रात्री सविस्तर लिहिते.

निवृत्त_नाझर
मी सातारा जिल्हा न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो. सध्या मुलाकडे फ्रिस्कोला आलो आहे. मला मत नाही, पण सरकारी वकिलांची दप्तरं ३१ वर्षं पाहिली आहेत.

आपल्याकडे घटनेच्या कलम १६५ प्रमाणे राज्यपाल महाधिवक्ता नेमतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता हवी आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच पद. म्हणजे सरकारशी वाजलं की जावं लागतं. श्रीहरी अणे यांनी मार्च २०१६ मध्ये स्वतंत्र मराठवाड्याच्या वक्तव्यावरून राजीनामा दिला, ते आठवत असेल. इथला एजी गव्हर्नर काढू शकत नाही हे मुलाने सांगितलं तेव्हा मला चांगलंच वाटलं होतं. पण मग त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं?

ताई, माझा सल्ला एवढाच. साहेब कोण आहे यापेक्षा साहेबाच्या खालचे लोक टिकतात का ते बघा. चांगले सरकारी वकील सोडून गेले की दप्तर वर्षभरात ढासळतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

डॅलस_वीस_वर्षं
नाझरसाहेबांना अनुमोदन. तरीही पत्रिका रिपब्लिकनच घ्या. निकाल तिथेच लागतो.

एकटी_आई_टीएक्स
छप्परं आणि देणगीदार बाजूला ठेवा. या कार्यालयाचं सगळ्यात मोठं काम मुलांच्या पालनपोषणाचा खर्च वसूल करण्याचं आहे, हे एकानेही लिहिलं नाही! वर्षाला ४ अब्ज डॉलरांहून जास्त रक्कम यांच्यातर्फे मुलांपर्यंत पोचते. माझ्या मुलीचे पैसे सहा वर्षं दर महिन्याला यांच्यामुळे आले, तिच्या वडिलांच्या पगारातून थेट कापून. उमेदवारांची भाषणं ऐकली तर वॉशिंग्टनशी भांडण सोडून दुसरा विषय नाही. खर्चवसुलीचा विभाग कोण सांभाळणार, एवढंच विचारा त्यांना.

सीडरपार्कची
एकटी_आई, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. आभार. यादीत घेतलं.

ह्यूस्टनची_वकील
सांगितल्याप्रमाणे लिहिते. लांब होईल.

एक. एजी म्हणजे राज्याचा मोठा फौजदार नव्हे. टेक्सासमध्ये फौजदारी खटले स्थानिक जिल्हा आणि काउंटी वकील चालवतात. एजी त्यांनी बोलावलं तरच जातो. निवडणूक गुन्ह्यांतही एजीला एकट्याच्या मर्जीने खटला भरता येत नाही, असा निकाल इथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ८ विरुद्ध १ ने दिला. त्यामुळे 'मी अमक्याला तुरुंगात टाकीन' म्हणणारा उमेदवार बहुतेकदा हातात नसलेल्या अधिकाराची गोष्ट करत असतो.

दोन. २०२० मध्ये नेमकं काय झालं ते समजून घ्या. एजींच्याच हाताखालचे आठ वरिष्ठ अधिकारी एफबीआयकडे गेले. ऑस्टिनमधल्या एका जमीनजुमला व्यावसायिक देणगीदारासाठी कार्यालय वापरलं जातंय, अशी त्यांची तक्रार होती. हे आठही जण पॅक्स्टन यांच्याच विश्वासातले होते. काही आठवड्यांत त्यांतलं एकही त्या कार्यालयात उरलं नाही. काहींना काढलं, बाकीच्यांनी राजीनामे दिले. त्यांतल्या चौघा जागल्यांनी (गैरप्रकार उघड करणाऱ्यांनी) दावा लावला. ३३ लाख डॉलरांची तडजोड ठरली. ते पैसे विधिमंडळाकडे मागितले तेव्हा कनिष्ठ सभागृहाने चौकशी सुरू केली, आणि २७ मे २०२३ ला १२१ विरुद्ध २३ मतांनी महाभियोग झाला. सेनेटमध्ये १६ आरोपांवर मतदान झालं. दोषी ठरवायला २१ मतं लागत होती, ती एकाही आरोपावर पडली नाहीत. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ऑस्टिनच्या न्यायाधीशांनी त्या चौघांना मिळून ६६ लाख डॉलर द्यायचा आदेश दिला. म्हणजे तडजोडीच्या दुप्पट, आणि तेही करदात्यांच्या खिशातून.

तीन, दुरुस्ती. माझ्या मते नाझरसाहेबांचं बरोबर आहे: कायम नोकरीतले वकील परत आणा. देणगीदाराचा संबंध असलेल्या फाईलला एजीने स्वतः हात लावायचा नाही, असा लेखी नियम करा. बाहेरच्या वकिलांशी केलेले करार आपणहून जाहीर करा.

तंबाखूचा_साक्षीदार
शेवटच्या मुद्द्याला जोर देतो. मी १९९६ ला इथे आलो. डॅन मोरालेस एजी असताना १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांकडून १५ अब्ज डॉलरांहून मोठी तडजोड मिळवली, सगळीकडे जयजयकार. पुढे वकिलांच्या फीच्याच प्रकरणात ते अडकले आणि २००३ मध्ये चार वर्षांची कैद झाली. ते डेमोक्रॅट होते, हेही नोंदवतो. २०२४ मधल्या मेटाच्या (फेसबुकवाल्या कंपनीच्या) १.४ अब्ज डॉलरांच्या तडजोडीचं कौतुक सगळे करतात, मीही करतो. पण अशा दाव्यांत खाजगी वकिलांना वसुलीतली टक्केवारी किती, हे पहिल्याच दिवशी लोकांना कळलं पाहिजे.

गारपीटग्रस्त_प्लेनो
आणि छपरांचा परवाना.

आयटीवाला_अर्व्हिंग
सगळे मूळ मुद्दा टाळतायत. चिप रॉय यांनी गेल्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेसमध्ये कायदेशीर स्थलांतरही गोठवायचं विधेयक आणलं. आपल्यातले अर्धे लोक व्हिसावर आहेत. हे सोडून दप्तर काय नि टक्केवारी काय!

ह्यूस्टनची_वकील
व्हिसा केंद्राचा विषय आहे. एजीला व्हिसा देता येत नाही, बंदही करता येत नाही.

आयटीवाला_अर्व्हिंग
पण दावे लावता येतात ना? लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आणलेल्या मुलांना मिळालेल्या संरक्षणाविरुद्ध २०१८ मध्ये दावा लावणाऱ्या राज्यांत टेक्सासच आघाडीवर होतं.

ह्यूस्टनची_वकील
मान्य. दाव्यांची दिशा एजी ठरवतो. तुमची काळजी खोटी नाही, फक्त निवडीचा तो एकच निकष करू नका. रॉय यांच्याबद्दल दुसरी बाजूही सांगते: ते पॅक्स्टन यांच्या हाताखाली पहिल्या क्रमांकाचे अधिकारी होते, आणि २०२० मध्ये त्यांनीच जाहीरपणे पॅक्स्टन यांचा राजीनामा मागितला. रिपब्लिकन पक्षात राहून ते सोपं नव्हतं.

डॅलस_वीस_वर्षं
म्हणून मी रॉय म्हणतो. कार्यालय आतून पाहिलेला माणूस आहे. जुनं प्रकरण आता उगाळू नका, त्यावर निकाल लागून गेला. पुढचं बघा.

ऑस्टिन_उत्तर
मी हफमनबाईंना देणार. न्यायाधीश होत्या, सरकारी वकील होत्या, कोर्टात उभं राहण्याची सवय आहे. बाकी डॅलस यांच्याशी सहमत, जुनं सोडा.

जर्सीकर
नेमणूकच बरी.

सीडरपार्कची | २८ जानेवारी २०२६
सगळ्यांचे मनापासून आभार. दोनच्या चार संध्याकाळी झाल्या. ठरवलं आहे, ते सांगते.

तुमच्यातल्या दोघांनी 'जुनं सोडा' म्हटलं. मी नेमकं जुनंच धरलं. प्रत्येक उमेदवार पुढे काय करणार हे सांगतोय आणि सगळं ऐकायला चांगलं वाटतं. पण कार्यालय अडचणीत होतं तेव्हा यांतल्या कोणी काय केलं, हे आधीच घडून गेलंय. ते तपासता येतं. मिडलटन आणि हफमन दोघेही सेनेटमध्ये होते, दोघांनी निर्दोष म्हटलं. दोषी ठरवायला मत देणारे रिपब्लिकन दोघेच होते, निकल्स आणि हँकॉक, आणि ते या शर्यतीत नाहीत. राइट्झ यांना पॅक्स्टन यांचा पाठिंबा आहे, म्हणजे तेच पुढे चालू राहणार असं मी धरते.

सगळ्यात जास्त वेळ रॉय यांच्यावर गेला. २०२० ला त्यांनी जे केलं त्याचा मला आदर वाटतो. पण माझ्या भावाचा अर्ज अकरा वर्षं रांगेत आहे. ते विधेयक वाचल्यावर त्यांच्या नावापुढे माझा हात जाणार नाही. वकीलताई, तुम्ही म्हणालात की हा एकच निकष नको. कायद्याच्या दृष्टीने तुमचं बरोबर असेल, पण पहिलं मत मी असं देऊ शकत नाही.

म्हणून डेमोक्रॅटिक पत्रिका घेणार आहे. तिथे राज्य सेनेटर नेथन जॉन्सन, गॅल्व्हस्टनचे माजी महापौर जो जवॉर्स्की आणि एफबीआयमध्ये काम केलेले टोनी बॉक्स आहेत. नोव्हेंबरमध्ये जिंकणं अवघड आहे, हे डॅलसदादांनी दोनदा सांगितलंय आणि मला पटलंयही. तरी जो उभा राहील त्याला समोरच्याकडून या दप्तराबद्दल जाहीर उत्तर मागता आलं पाहिजे. तेवढा तयारीचा माणूस मी निवडेन. नाव लिहीत नाही.

तिघांच्याही प्रचार कार्यालयांना मी पत्र पाठवलंय. दोनच प्रश्न विचारलेत: माहिती अधिकाराच्या निर्णयात एजीने स्वतः हात घातला तर त्याची लेखी नोंद ठेवणार का? आणि पालनपोषण खर्चाचा विभाग कोणाकडे देणार? दुसरा प्रश्न एकटी_आईचा आहे. छपरांचा परवाना राहिला, गारपीटदादा, त्यासाठी मी माझ्या आमदारांना लिहीन.

एकटी_आई_टीएक्स
उत्तरं आली की इथे टाक गं. मी रिपब्लिकन चौघांना हेच पत्र पाठवते.

डॅलस_वीस_वर्षं
मला पटलं नाही, पण मत तुमचं. एक लक्षात ठेवा: मार्चमध्ये डेमोक्रॅटिक पत्रिका घेतलीत तर २६ मेला रिपब्लिकन रनऑफमध्ये मत देता येणार नाही.

सीडरपार्कची
माहीत आहे दादा. आगाऊ मतदान १७ फेब्रुवारीला सुरू होतंय, मी पहिल्याच दिवशी जाणार आहे.

निवृत्त_नाझर
मुलाला विचारतो, मतदान केंद्राबाहेर उभं राहून बघायला परवानगी असते का.