नववी-दहावीचे ३००० मीटरवाले पोरं, हिवाळ्यात किती अन् कसे पळवायचे?

पीटीवाले_आर्णी

नमस्कार मंडळी. मी आर्णी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये पीटी शिकवतो. यंदा ३००० मीटरसाठी सात जण आहेत, पाच पोरं अन् दोन पोरी, सगळे नववी-दहावीचे. त्यातला एक जिल्ह्यात १० मिनिट ४० सेकंदात (१०:४०) आला, विभागापर्यंत गेला, पण तिथं शेवटच्या दोन राउंडमध्ये पार ढेपाळला. आता पुढच्या पावसाळ्यापर्यंत मॅच नाही अन् हे महिने मला वाया घालवायचे नाहीत, पण खरं सांगतो, हिवाळ्यात नेमकं काय करून घ्यायचं हे मला कोणी शिकवलंच नाही.

सध्या मी काय करतो तर ग्राउंडवर चुन्यानं आखलेल्या २०० मीटरच्या ट्रॅकवर रोज पंधरा राउंड मारायला लावतो अन् घड्याळ धरतो. पहिले आठ-दहा दिवस टायमिंग सुधारलं, आता उलटं वाढून राहिलं. दोघांच्या नडगीत दुखते. अन् एक पोरगी, जी सप्टेंबरात सगळ्यात पुढे होती, ती तिसऱ्याच राउंडला धापा टाकते, घरचे म्हणतात थंडी बाधली. सकाळी ८-९ डिग्री असते, त्यात कापूस वेचणी सुरू, सुट्टीच्या दिवशी निम्मे पोरं वावरात असतात, दहावीवाल्यांना बोर्डाचं टेन्शन वेगळंच. कोणाला अनुभव असेल तर सांगा, हे पोरं जीव लावून येतात हो, माझ्या चुकीनं त्यांचं नुकसान नको व्हायला.

वणीकर_१५००

सर, पह्यले ते घड्याळ खिशात ठेवा. रोज ३००० चा टायम घेणं म्हणजे रोज वार्षिक परीक्षा घेणं झालं, मंग शिकवता कवा? मी सोता शाळेत असताना असाच पळलो, मंग पोलीस भरतीच्या तयारीतही तेच केलं, रोज १६०० मीटर जीव तोडून, कारण त्याले २० मार्क असतात. दोन महिने टायमिंग एका जागी अडकलं अन् मंग नडगी धरली. आमच्या गावचे पोट्टे आजही तेच करून राहिले, त्याइले सांगून सांगून थकलो.

तुमचा पोरगा शेवटच्या दोन राउंडले मेला तो स्पीड नाही म्हणून नाही, दम नाही म्हणून. ३००० मध्ये बहुतेक काम हे श्वासावर चालते, अन् तो दम हळू पळूनच बनते. हळू पळल्यानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलाले शिकते, पायाच्या स्नायूत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, अन् ह्या गोष्टीले महिने लागतात, आठ दिवसात होत नाही. म्हणूनच हिवाळा. उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ डिग्रीत कोण पळते?

हळू म्हणजे किती, तर १०:४० वाल्याले किलोमीटरले ५ ते साडेपाच मिनिट. शेजारच्याशी गोष्टी सांगत पळता आलं पायजे, नाई आलं तर जोरात पळून राहिला असं समजा. त्याले हे लय हळू वाटन, तो रुसन, पण ऐकू नका.

आठवड्याले २०-२२ किलोमीटरपासून सुरू करा अन् दर आठवड्याले दोन-तीन वाढवा, तीन आठवडे वाढवले का चौथा हलका ठेवा, असं करत फेब्रुवारीपर्यंत ३५ च्या आसपास गेले तरी लय झालं या वयाले. त्यात रविवारी एक लांब, ७ पासून ९-१० पर्यंत. हळू पळण्याच्या दोन दिवशी शेवटी ८० मीटरचे सहा मोकळे स्ट्राइड, म्हणजे लांब टांगा टाकत जरा वेगानं पळणं, पाय हलके राहतात. आठवड्यात एकच दिवस जोराचा, १५-२० मिनिट अशा चालीनं का दोन-तीन शब्दच बोलता येतीन, तुमच्या पोराले ते किलोमीटरले ४:०५ ते ४:१५ च्या मधात पडन. दोन दिवस पूर्ण आराम.

अन् तो २०० मीटरचा ट्रॅक सोडा, नडगीचं मूळ तिथंच आहे बहुतेक. एवढे लहान वळणं, सगळे डावीकडं, टणक जमीन. कॅनलच्या बाजूनं मुरमाचा रस्ता असन तर तिथं न्या, नाई तर पांदण. काळ्या वावरातून मात्र नका नेऊ, आता भेगा पडल्या असतीन, पाय मुरगाळते. ट्रॅकवर पळायचंच झालं तर अर्धे राउंड उलटे मारा. नडगी बोटानं दाबून पहा, आतल्या बाजूनं लांबवर दुखत असन तर पळणं कमी करून सुधारते, पण बोटभर एकाच जागी कळ येत असन तर पळणं बंद अन् डॉक्टर. सुरुवातीच्या एक्स-रेत हाडाची बारीक चीर दिसत नाही कधी कधी, म्हणून एक्स-रे नॉर्मल आला तरी दुखणं आहे तोवर पळवू नका.

सिस्टर_कुरखेडा

सर, त्या मुलीबद्दल वाचून लिहायला बसले. थंडी बाधली म्हणून सोडू नका. जी मुलगी सप्टेंबरात पुढे होती तिला तिसऱ्या राउंडला धाप लागते, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होतं. मुलींचं १२ च्या वर पाहिजे, पंधराच्या वरच्या मुलांचं १३ च्या वर. पाळी सुरू झालेल्या, वाढत्या वयाच्या अन् वरून रोज पळणाऱ्या मुलीचं लोह फार लवकर कमी होतं. शाळेत दर आठवड्याला निळी गोळी देतात ती खरंच पोटात जाते का बघा, आमच्याकडे पोरी तोंडात ठेवून बाहेर थुंकतात, मळमळते म्हणून. जेवल्यावर द्या, अन् त्यावर लगेच चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. आता आवळे आहेत, हरभऱ्याचा घोळाणा आहे वर लिंबू पिळून, तुरीच्या ओल्या शेंगा उकडून आहेत. पळून आल्यावर पोरांना फुटाणे अन् गूळ दिला तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट आपल्या विदर्भात विसरून चालत नाही, सिकलसेल, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. सातही जणांची तपासणी झाली आहे का ते विचारा. सोल्युबिलिटी टेस्ट साधी आहे, पॉझिटिव्ह आली तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या दुसऱ्या तपासणीवर कळतं की वाहक आहे की आजार आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासीबहुल भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे, तेव्हा कोणी नाही म्हणणार नाही. आजार असलेल्या मुलाला थंडी, ओले कपडे अन् पाणी कमी पडणं यानंच वेदना उठतात, त्याचं पळणं डॉक्टरांना विचारूनच. वाहक मुलं बहुतेक सगळं खेळतात, त्यांना बसवून ठेवायची गरज नाही, पण तयारी नसताना एकदम जीव तोडून पळवलं तर धोका असतो. हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून पोरं पाणी पीत नाहीत, तुम्ही समोर उभं राहून प्यायला लावा. अन् कोणी मधेच पाय गळाले म्हणून खाली बसलं तर नाटक करतो म्हणून उठवू नका, तिथंच थांबवा, पाणी द्या, बरं वाटलं नाही तर लगेच दवाखाना.

रिपोर्ट मात्र वर्गात मोठ्यानं वाचू नका सर. पोरीच्या लग्नापर्यंत ती गोष्ट गावात फिरते.

कास्तकार_राळेगाव

माझा मुलगा पळतो म्हणून एकच सांगतो. वेचणीचा दिवस आरामात धरू नका. दिवसभर वाकून वेचलं अन् संध्याकाळी पाठीवर गाठोडं आणलं का पोराच्या कमरेत काही राहत नाही. आमच्या सरांनी आम्हाला विचारून वेचणीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी ठेवली, तेव्हापासून त्याचं गुडघ्याखाली दुखणं कमी आहे. घरी येऊन विचारा, आम्ही सांगतो कोणत्या दिवशी नेणार ते.

सिंदेवाहीची_धावपटू

सर, अंधारात नका पळवू. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या आसपास निघतो अन् त्याच्या आधी रस्त्यावर रानडुकरं असतात, आमच्याकडे तर वाघच. मी दहावीत असताना पाचला एकटी निघत होती, आता विचार केला तरी अंगावर काटा येते. उजेड झाल्यावर, नाही तर शाळा सुटल्याबरोबर पळवा, अन् पोरींना दोघींच्या जोडीनंच. सकाळी पळवत असाल तर शेकोटीच्या धुराजवळ गोळा होऊ देऊ नका, त्या धुरानं अन् थंड हवेनं छाती आवळते. आधी दहा मिनिटं चालणं, मग अगदी हळू. वरून स्वेटर घालून निघू द्या, अंग तापलं की कमरेला बांधतील, पळून झाल्यावर घामाचा टीशर्ट मात्र लगेच बदलायचा.

पोरींना पाळीत पळायचं की नाही हे विचारायला पुरुष सरांजवळ जीव होत नाही. एखाद्या मॅडमला सोबत घ्या, अर्ध्या अडचणी तिथंच सुटतात.

अन् हिवाळ्यात आठवड्यातून एकदा खो-खो खेळू द्या. ललिता बाबर आधी खो-खोच खेळायची, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलला गेली. मांडव्याचा अविनाश साबळे तर फौजेत गेल्यावर, २०१५ नंतर शर्यतीला लागला अन् २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तीच शर्यत ८:०९.९१ मध्ये पळला. दहावीच्या पोराचं सगळं याच हिवाळ्यात व्हायचं नसते सर.

पीटीवाले_आर्णी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सातही जणांना आरोग्य केंद्रात नेलं. त्या पोरीचं हिमोग्लोबिन ८.९ निघालं. ती घरी पाणी भरून, स्वयंपाक करून येत होती अन् मी तिला जोर लाव म्हणत होतो, याचं फार वाईट वाटते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, महिनाभर पळणं बंद, रोज नुसतं चालणं. तिच्या आईला भेटून आलो. सिकलसेलचं त्या-त्या घरी जाऊनच बोललो.

रविवारी बाकीच्यांना कॅनलवर ७ किलोमीटर नेलं, घड्याळ घरी ठेवलं. विभागवाला पोरगा दोनदा पुढे पळाला, दोनदा मागे बोलावला. नडगीवाले दोघं सायकलवर सोबत होते. दहावीवाल्यांचं जानेवारीपासून काय करू, तीन दिवस ठेवले तर चालेल का?

वणीकर_१५००

चालते सर. तीन दिवस, अर्धा-पाऊण तास, सगळं हळू. पेपर झाले का मार्चमध्ये सकाळी लवकर पुन्हा वाढवा, तोवर दम टिकून राहते. अन् त्या पोरीचं दुसरं हिमोग्लोबिन आलं का इथं सांगा.