मदत हवी आहे: नवा राउटर लावला, तरी मागच्या खोलीत नेट नाही

तांबडी_माती
लगेच उत्तर हवे आहे म्हणून थोडक्यात लिहितो. घर गोव्यात सावईवेऱ्याला, जुने, चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे). नेट सोप्यात आहे, तिथे व्यवस्थित चालते. देवखोली ओलांडली की काहीच नाही. म्हणून नवा राउटर आणून मागच्या खोलीत लावला. फोनवर त्याचे नाव दिसते, पासवर्ड घेतो, दांड्या पूर्ण येतात आणि खाली 'इंटरनेट नाही'. मध्येच चालू होते, परत बंद. कंपनीला फोन केला तर आमची लाईन ठीक आहे म्हणतात. गुरुवारी मुलीची नोकरीची मुलाखत ऑनलाइन आहे. सोप्यात चवथीच्या रंगाचे काम काढलेय, तिथे बसता येणार नाही. राउटर खराब आहे का? बदलून घेऊ का?

फोंडेकर
बदलायची घाई करू नका. नाव दिसते, पासवर्ड घेतो, म्हणजे राउटर जिवंत आहे. कंपनीचा डबा कुठला, फायबरचा का? नवा राउटर त्याला कसा जोडलाय? हे कळल्याशिवाय काही सांगता येत नाही.

मिरामारचा_वारा
साधे राउटर आता विसरा, मेश घ्या. मी पणजीच्या फ्लॅटमध्ये तीन डब्यांचा संच लावलाय. ॲप उघडायचे, डबे ठेवायचे, झाले. वायर नाही, सेटिंग नाही. कुठल्याही खोलीत जा, फोन आपोआप जवळचा डबा पकडतो.

जुना_वाडा
वारा, तुमच्या फ्लॅटच्या आतल्या भिंती चार-पाच इंचांच्या असतील. इथे दीड-दोन फूट चिरा आहे आणि पावसात तो पाणी पिऊन बसलेला असतो. ओल्या भिंतीतून वाय-फायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा जवळजवळ जातच नाही, 2.4 चा जातो तो अर्धमेला होऊन. मेशचे डबे एकमेकांशी त्याच हवेतून बोलतात ना? मधल्या डब्यालाच सिग्नल पोचला नाही तर तो पुढे काय देणार? आमच्या डिचोलीच्या घरी रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारा डबा) लावून पाहिला. तोही तसाच, एकाच पट्ट्यावर घेतो आणि त्याच पट्ट्यावर देतो, म्हणून वेग निम्मा होतो. चिऱ्याच्या घराला वायरच पाहिजे.

मिरामारचा_वारा
मेशलाही मागून वायर जोडता येते. आणि तीन पट्ट्यांचे मेश असते, त्यात एक पट्टा डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखीव ठेवता येतो. न वापरता मोडीत काढू नका.

जुना_वाडा
वायर ओढायचीच असेल तर महागडा संच कशाला? त्यांनी राउटर आणलाय, तोच पुरे.

पेडणेकरीण
पासवर्ड कंपनीने दिलेलाच ठेवला आहे का? आधी बदला. आमच्याकडे भाड्याच्या खोल्या आहेत, पाहुण्यांना वेगळे गेस्ट नेटवर्क दिलेय. आणि सुरक्षेच्या सेटिंगमध्ये फक्त डब्ल्यूपीए3 ही नवी पद्धत ठेवू नका. ते 2018 मध्ये आले, त्याआधीचे टॅब आणि प्रिंटर जोडलेच जात नाहीत. आधीची डब्ल्यूपीए2 किंवा दोन्ही एकत्र असलेला पर्याय घ्या.

तांबडी_माती
मेश, पासवर्ड, हे मी विचारलेच नव्हते. वायर अर्थातच आहे, वायरीशिवाय नेट येणार कुठून? फायबरचा पांढरा डबा सोप्यात, त्यातून लॅनची वायर मागे नेलीय. नव्या राउटरला चार पिवळे पोर्ट आणि एक निळा. वायर पिवळ्यात आहे. निळ्यात घातली तर तेही चालत नाही. आता सांगा, राउटर बदलू का नको?

फोंडेकर
नको. आता चित्र स्पष्ट झाले. एकच सांगा, कंपनीच्या डब्याचे सेटिंगचे पान कुठल्या पत्त्यावर उघडते आणि नव्याचे कुठल्या? दोन्हींच्या खाली चिकटपट्टीवर छापलेले असते.

तांबडी_माती
दोन्हींवर 192.168.1.1.

फोंडेकर
तिथेच घोळ आहे. दोघांचा पत्ता एक, आणि दोघेही घरातल्या फोनना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वाटत बसलेत. वाटण्याचे काम एकानेच करायचे असते. फोनने कंपनीच्या डब्याकडून आयपी घेतला आणि वाटही त्याचीच धरली की नेट चालते. नव्याकडे गेला की तो म्हणतो, 'बाहेरची वाट मीच', पण त्याच्याकडे बाहेरची वाट नाहीच. म्हणून तुम्हाला मध्येच चालू, मध्येच बंद दिसते. निळा पोर्ट बाहेरून येणाऱ्या नेटचा, पण त्यात घातल्यावरही आत-बाहेर पत्त्यांची एकच मालिका झाली की तो गोंधळतो.

असे करा. नव्या राउटरमधली वायर काढा. फोनचा मोबाईल डेटा बंद करून फक्त नव्या राउटरला जोडा आणि 192.168.1.1 उघडा. 'ॲक्सेस पॉइंट' मोड (राउटर आयपी न वाटता फक्त वाय-फाय देतो तो) दिसला तर तोच निवडा, बाकी तो बघून घेईल. त्या मोडमध्ये वायर कुठल्या पोर्टात घालायची ते माहितीपत्रकात असते. मोड नसेल तर लॅनचा पत्ता 192.168.1.2 करा, सेव्ह करा. पान आता नव्या पत्त्यावर उघडेल. तिथे जाऊन डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटण्याचे काम, बंद करा. मग राउटर बंद-चालू करून वायर पिवळ्यातच घाला. निळा रिकामा.

जुना_वाडा
2 देऊ नका. पुष्कळ डबे वाटायला 2 पासूनच सुरुवात करतात, उद्या तोच आकडा एखाद्या फोनला मिळाला की परत भांडण. कंपनीच्या डब्यात डीएचसीपीची सुरुवात आणि शेवट बघा, त्याच्या बाहेरचा आकडा द्या. सगळीच मालिका वाटपात असेल तर शेवट 200 वर आणा आणि नव्याला 250 द्या.

फोंडेकर
बरोबर. तसेच करा.

केपेचा_भाऊ
तांबडी माती, सावईवेरे म्हणजे अनंताच्या देवळाजवळ का? तिथे माटोळीला (चवथीला गणपतीवर फळे-पाने टांगतात ती) आंबाडे आणि सुपारीचे घोस मिळतील का? इथे बाजारात दर ऐकवत नाहीत.

निवृत्त_लाईनमन
मला वेगळाच प्रश्न आहे. ती वायर मागे नेलीय कुठून?

तांबडी_माती
कौलांवरून. भिंत कोण फोडणार?

निवृत्त_लाईनमन
मग ती आत घ्या, आणि हे गांभीर्याने घ्या. लॅनची वायर तांब्याची. छपरावरून गेलेल्या लांब वायरीत जवळपास वीज पडली तरी झटका येतो आणि दोन्ही डबे एकदम जातात.

मिरामारचा_वारा
फायबरला विजेचे भय नसते, ती काच आहे.

निवृत्त_लाईनमन
फायबर काचच. पण मी फायबरचे नाही, त्या डब्यापासून पुढच्या वायरीचे सांगतोय. आणि अडॅप्टर तर करंटच्याच लाईनवर आहे. गडगडायला लागले की अडॅप्टर काढा, लॅनची वायरही काढा. फायबरच्या टोकाला मात्र हात लावू नका, धूळ गेली किंवा दोरी जास्त वाकली की एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागतो.

भिंत फोडावी लागत नाही. चिरा मऊ असतो, लांब ड्रिलने भोक सहज जाते. आतली भिंत असेल तर सरळ पाडा. बाहेरच्या भिंतीला भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवा आणि वायर आत शिरण्याआधी खाली एक झोल सोडा, म्हणजे पाणी तिथून गळून पडते, वायरीवरून घरात येत नाही. टोक भोकातून ओवून झाल्यावर प्लग बसवून घ्या, म्हणजे भोक लहान पुरते. जुन्या डिश टीव्हीचे भोक असेल तर आयतेच.

तांबडी_माती
झाले! ॲक्सेस पॉइंट मोड नव्हता. पत्ता 250 केला, डीएचसीपी बंद केले, मागच्या खोलीत नेट आले. फोंडेकर आणि जुना वाडा, मनापासून आभार. मुलगी रडकुंडीला आली होती. वायर अजून कौलांवर आहे, रविवारी माणूस येतोय. वेग मात्र मागे 94 दाखवतो, सोप्यात 180 च्या वर जातो. हे का?

फोंडेकर
94 म्हणजे शंभरावर अडकलाय. नव्या राउटरचे पोर्ट 100 मेगाबिटचेच असतील, नाहीतर वायरीच्या आठ तारांपैकी चारच नीट लागल्यात. गिगाबिटला आठही लागतात. मुलाखतीला 94 भरपूर झाले. दोन्ही वाय-फायची नावे एक असली तरी चालेल, 2.4 चे चॅनल वेगळे ठेवा: पुढे 1, मागे 6 किंवा 11.

पेडणेकरीण
एक लक्षात ठेवा, असा जोडलेल्या राउटरवर गेस्ट नेटवर्क सुरू केले तर पाहुणे बहुतेक वेळा घरच्याच नेटवर्कमध्ये येतात. गेस्ट पुढच्या डब्यावरूनच द्या.

जुना_वाडा
गुरुवारी वाय-फायवर बसवू नका. मागच्या राउटरचे तीन पिवळे पोर्ट रिकामे आहेत, लॅपटॉप वायरीने जोडा. आणि दोन्ही डब्यांना लहान यूपीएस लावा. पुढचा डबा बंद पडला तर मागचा चालू असून उपयोग नाही. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत.

तांबडी_माती
लॅपटॉपला वायरीचे पोर्टच नाही, पातळ मॉडेल आहे.

जुना_वाडा
यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर मिळतो, कॉम्प्युटरच्या दुकानात मागा. लॅपटॉपला यूएसबी-सी असेल तर तसाच घ्या. बुधवारी रात्री एकदा लावून कुणाशी तरी व्हिडिओवर बोलून बघा.

केपेचा_भाऊ
आंबाड्यांचे कुणीच सांगितले नाही.

तांबडी_माती
भाऊ, आमच्या परसात आहेत. व्यक्तिगत निरोप करा, रविवारी येऊन घेऊन जा.