सीडी बदलेपर्यंत खुनी कोण?

काही जण म्हणतात की बरीच पात्रं असलेला रहस्यपट थेटरातच पाहावा, घरी मजा जाते. नाही पटलं बाप्पा. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या खेड्यांत पोळ्याला वर्गणी काढून टीव्ही अन् प्लेअर भाड्यानं आणत. एका व्हीसीडीत, म्हणजे सिनेमाच्या सीडीत, 74 ते 80 मिनिटंच मावतात, त्यामुळे राजा नवाथेंचा 'गुमनाम' (1965) ऐन रंगात आला की सीडी बदला! तेवढ्यात ओट्यावर पैजा: बटलर की बॅरिस्टर?

घरी चित्र नीट दिसत नाही, ही तक्रार मात्र रास्त. व्हीसीडीच्या 352 बाय 288 ठिपक्यांच्या चित्रात अंधाराचे प्रसंग म्हणजे नुसते चौकोन, कोण मेलं ते आवाजावरून ओळखायचं. दुसऱ्या सीडीवर चरे निघाले, तर दुकानदार खुन्याचं नाव तोंडी सांगे अन् भाडं पूर्ण घेई.