फाइलवरून कृत्रिम लाइव्ह एचएलएस: दर्जा बदलताना अडखळतं, लूपच्या सांध्यावर फाटतं

प्रश्न
प्लेअरचं एबीआर (नेटवर्कच्या वेगानुसार दर्जा आपोआप बदलणं) तपासायला लाइव्ह एचएलएस स्ट्रीम हवा आहे, म्हणजे छोट्या तुकड्यांत पाठवला जाणारा व्हिडिओ, पण कॅमेरा-एन्कोडरशिवाय. सुमारे १० मिनिटांची, २५ एफपीएसची (सेकंदाला २५ फ्रेम) फाइल एफएफएमपेग या व्हिडिओ-रूपांतराच्या प्रोग्रामने फिरवत ठेवली आणि १०८०पी, ७२०पी, ३६०पी यांसाठी तीन वेगळ्या प्रोसेस चालवल्या. सेगमेंट, म्हणजे तुकडे, २ सेकंदांचे. दर्जा बदलताना चित्र अडखळतं आणि फाइल पुन्हा सुरू होते तिथे आवाज सरकतो. दोष प्लेअरचा की स्ट्रीमचा?

उत्तर १
आधी स्ट्रीमच दुरुस्त करा. एफएफएमपेग सेगमेंट कीफ्रेमवरच (आधीच्या फ्रेमवर अवलंबून नसलेल्या पूर्ण चित्रावरच) कापतो. सीन बदलला की एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर मध्येच कीफ्रेम टाकतो, आणि तीन एन्कोडिंगमध्ये ती एकाच जागी पडेल याची खात्री नसते. म्हणून ‘एससी_थ्रेशोल्ड’ (सीन बदलल्यावरची कीफ्रेम) ०, ‘जी’ आणि ‘कीइंट_मिन’ (दोन कीफ्रेममधलं कमाल आणि किमान अंतर) दोन्ही ५० फ्रेम ठेवा. तिन्ही पायऱ्या (दर्जे) एकाच प्रोसेसमधून काढा. वेगळ्या प्रोसेस वेगवेगळ्या क्षणी सुरू होतात आणि सेगमेंट क्रमांक जुळत नाहीत. ‘-आरई’ हा पर्याय इनपुटच्या आधी हवा, नाहीतर फाइल झेपेल त्या वेगाने पुढे पळते.

प्लेलिस्टची, म्हणजे उपलब्ध सेगमेंटच्या यादीची, लांबीही बघा. मूळ सेटिंग ५ सेगमेंटचं, म्हणजे १० सेकंद. प्लेअर साधारण तीन सेगमेंट मागून सुरू होतो, म्हणजे मागे उरतात जेमतेम ४ सेकंद. नेटवर्क आवळलं की हवा तो सेगमेंट यादीतून गेलेला असतो, आणि जुने सेगमेंट पुसायचा पर्याय लावला असेल तर ४०४ (फाइल सापडली नाही) येतो. दोष मात्र एबीआरच्या माथी जातो. निदान १५ ठेवा.

उत्तर २
सांध्यावर आवाज सरकतो कारण चित्र आणि आवाज या दोन ट्रॅकची लांबी सारखी नसते. फाइल नेमकी ६०० सेकंदांवर कापा आणि मधल्या प्रतीत आवाज पीसीएम (न दाबलेला) ठेवा. एएसी हा आवाज दाबणारा एन्कोडर सुरुवातीला स्वतःचे रिकामे सॅम्पल घालतो.

वारंवार चाचणी करायची असेल तर सेगमेंट एकदाच तयार करून घड्याळानुसार प्लेलिस्ट बनवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. मग लूपची लांबी एएसी फ्रेमच्याही पटीत हवी: १०२४ सॅम्पलची एक फ्रेम, म्हणून ४८ किलोहर्ट्‌झला ६०० सेकंदांत बरोबर २८१२५ फ्रेम बसतात. ४४.१ किलोहर्ट्‌झला बसत नाहीत. टाइमस्टॅम्प पुन्हा शून्यावर जाणार असतील तर सांध्यावर डिस्कंटिन्युइटी टॅग (इथे सलगता तुटते अशी खूण) द्या, आणि तो प्लेलिस्टमधून सरकून गेला की डिस्कंटिन्युइटी-सीक्वेन्स हा त्या खुणांचा आकडा एकने वाढवा. हे फार जण विसरतात. डॅश (एचएलएससारखीच दुसरी स्ट्रीमिंग पद्धत) तपासायचं असेल तर डॅश इंडस्ट्री फोरमचं लाइव्हसिम२ हे काम तयारच करतं.

प्रश्नकर्ता
एकच प्रोसेस आणि ‘जी’ ५० केल्यावर अडखळणं थांबलं. आता ३ एमबीपीएसची मर्यादा लावली तरी प्लेअर १०८०पी सोडत नाही. चित्र टेस्ट पॅटर्नचं आहे.

उत्तर ३
पॅटर्न हेच कारण असणार. स्थिर चित्र इतकं दाबलं जातं की मास्टर प्लेलिस्टमध्ये (सगळ्या दर्जांच्या यादीत) ५ एमबीपीएस लिहिलं असलं तरी सेगमेंट त्याच्या अंशाएवढाच असतो. मर्यादा जाणवतच नाही. चित्रात हलता नॉइज घाला किंवा एक्स२६४ला ‘नाल-एचआरडी’ सीबीआर (कायम एकच बिटरेट) द्या, आणि सेगमेंटचे बाइट मोजून खात्री करा.

लिनक्सवर वेग मर्यादित करणारं ‘टीसी’ लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीवर) लावू नका. तिथला एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ६५५३६ बाइट असतो, त्यामुळे लहान बर्स्टचा टीबीएफ (‘टीसी’चा वेग-मर्यादक) मोठी पॅकेट टाकूनच देतो. नेटवर्क नेमस्पेस (वेगळं केलेलं नेटवर्क) आणि व्हीइथची (आभासी नेटवर्क कार्डांची) जोडी वापरा. प्रत्येक पायरीच्या चित्रावर तिचं नाव आणि घड्याळ छापा: प्लेअर दर्जा बदलल्याचं सांगतो तेव्हा पडद्यावर अजून आधीचा बफर चालू असतो.