व्हीलचेअरच्या गाडीची कॅम्परव्हॅन : रॅम्प ठेवायचा की काढायचा?

सांगेकर

माणसाला व्हीलचेअरसकट आत घेण्यासाठी बदललेली जुनी टाटा विंगर, फोर्स ट्रॅव्हलर किंवा मारुती इको कॅम्परव्हॅनसाठी, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशा गाडीसाठी, सोयीची असते. मागच्या सीट आधीच काढलेल्या, तळ सपाट, तळाला ऍल्युमिनियमच्या पटऱ्या, मागून मोकळा रस्ता. पण काम सुरू झालं की पहिला ग्राइंडर फिरतो तो याच रॅम्पवर आणि पटऱ्यांवर. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

खुर्ची चार पट्ट्यांनी बांधायच्या पटऱ्या तळाच्या आरपार बोल्ट घालून, खाली जाड पत्र्याची प्लेट देऊन बसवलेल्या असतात. पलंगाची पेटी बांधायला यापेक्षा भक्कम जागा आपण स्वतः तयार करू शकत नाही. पटरीत बसणारे स्टड सुटे मिळतात. पेटीच्या चारही कोपऱ्यांना लोखंडी ब्रॅकेट लावून ते या स्टडनी पटरीला घट्ट करा, तळाला एकही नवीन भोक पाडावं लागत नाही. आपल्या हवेत नवीन भोक म्हणजे नवीन गंज.

पेट्या १२ मिमीच्या, पाण्यात न सुटणाऱ्या बीडब्ल्यूपी प्लायच्या करा (आयएस ७१० शिक्का बघून घ्या). ८ बाय ४ चा एक तक्ता साधारण २३ किलोचा होतो, म्हणून तीन तक्त्यांत काम बसवा आणि आतले आडवे भाग ९ मिमीचे ठेवा. सगळं असं करा की अर्ध्या तासात पाना लावून बाहेर निघेल आणि गाडी पुन्हा व्हीलचेअर घ्यायला तयार होईल. गोव्यात अशा गाड्या आहेतच किती? ज्या आहेत त्या कापून संपवू नयेत.

डिचोली फॅब्रिकेटर

सांगेकरबाब, पटऱ्यांबद्दल शंभर टक्के मान्य. रॅम्पबद्दल नाही.

रॅम्प उभा दुमडून मागच्या दाराला लागून राहतो. म्हणजे मागच्या चाकांच्याही मागे, सगळ्यात वाईट जागी वजन. साधा ऍल्युमिनियमचा असला तर चालवून घेता येईल, पण हायड्रॉलिक लिफ्ट असेल तर ती १०० किलोच्या पुढे जाते. विंगर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. मागे लिफ्ट, त्यात पाण्याची टाकी आणि बॅटरीही मागेच ठेवली, तर पुढचा भाग हलका होतो. पावसात अनमोडच्या चढाला किंवा लाल मातीच्या ओल्या उतारावर पुढची चाकं नुसती फिरतात.

दुसरं, ऍल्युमिनियमचा रॅम्प आणि लोखंडी बिजागरी. खारी हवा लागली की दोन धातूंच्या सांध्यात ऍल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडायला लागतं. वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो तिथे दाराच्या खालच्या रबरातून येणारं पाणी रॅम्पच्या पायथ्याशी साठतं आणि गंज तळाची वेल्डिंग आधी तिथेच खातो. रॅम्प काढला की ती पट्टी घासता येते, झिंक प्रायमर मारता येतो, पोकळीत मेणाचा फवारा देता येतो. शिवाय मागचं दार उघडून बसायला आणि हवेला मोकळं होतं. झोपायच्या गाडीत मागची हवा बंद करून चालत नाही.

केपेकर

गंजाचं कारण बरोबर, उपाय चुकीचा. बिजागरीच्या दोन धातूंमध्ये नायलॉनचा वॉशर आणि बोल्टवर नायलॉनची बाही घाला, सांध्याला ड्युरालॅकसारखी गंजरोधक पेस्ट लावा. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, रॅम्प सोडवून गोड्या पाण्याने धुवा. तळाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात निचऱ्याचं भोक आहे का बघा. बऱ्याचदा असतं, पण कार्पेटने बुजलेलं असतं. म्हणूनच पटऱ्यांवरून अखंड विनाइल चिकटवू नका. पाणी खाली जातं आणि वर यायला वाट राहत नाही.

लिफ्टबद्दल मात्र डिचोलीकरांच्या बाजूने आहे. विजेची लिफ्ट बंद पडली की दारच अडतं. लिफ्ट काढून हलका दुमडता रॅम्प लावणं योग्य, फक्त उताराचं गणित करा. तळ जमिनीपासून ५०० मिमी उंच असेल आणि १:४ चा उतार धरला तरी रॅम्प २ मीटरचा लागतो, आणि १:४ सुद्धा मदतनीस असेल तरच. तीन पात्यांचा दुमडता रॅम्प त्यासाठीच असतो.

मडगाव आरसी

कागदाची बाजू कोणी मांडली नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलात आणि कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे.

गाडी व्हीलचेअरसाठी रीतसर बदलून आरसीवर नोंद झाली असेल, तर रॅम्प काढणं हासुद्धा बदलच. त्यामुळे 'काढून टाका' म्हणणाऱ्यांनी आधी आरटीओकडे अर्ज करावा. २०२० पासून मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' अशी वेगळी नोंद होते, ती आहे का पाहा. जीएसटीची सवलत घेतलेली छोटी गाडी (४ मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंत) पाच वर्षं न विकण्याचं प्रतिज्ञापत्र मूळ मालकाने दिलेलं असतं. इको यात बसते, विंगर बसत नाही. ती पाच वर्षं संपली आहेत का, हे विकत घेणाऱ्याने विचारलंच पाहिजे.

खाजगी वापराची कॅम्परव्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे धंद्यासाठी नसलेल्या गाड्यांच्या वर्गात, मोडते. पण जुनी रुग्णवाहिका किंवा संस्थेची पिवळ्या पाटीची गाडी असेल, तर आधी वर्ग बदलून घ्यावा लागतो.

डिचोली फॅब्रिकेटर

हे मान्य. मग सांगेकरांची सुटी पेटीसुद्धा बदल ठरते का?

मडगाव आरसी

सीटची संख्या आणि रचना आरसीप्रमाणे असेल आणि पेटी हत्याराशिवाय सुटत असेल, तर ती सामान आहे असं म्हणायला जागा राहते. पाना लावावा लागला की ती जागा कमी होते. म्हणून बोल्टऐवजी हाताने फिरवायचे स्टड किंवा रॅचेटचे पट्टे वापरा. सिंक, गॅस, वायरिंग पक्कं बसवलं की विषयच संपला, मंजुरी घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

फोंडा सर्किट

गॅसचा मुद्दा यातला सगळ्यात गंभीर आहे. पर्यटन स्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्याच्या पर्यटन खात्याने २०२२ साली आदेश काढून बंदी केली, त्यामुळे सगळे शेगडी आत घेतात. एलपीजी हवेपेक्षा जड. विलायतेतल्या रेनॉ कांगू, फोक्सवॅगन कॅडीसारख्या गाड्यांत व्हीलचेअरसाठी तळ कापून खाली टाकलेला असतो, म्हणजे मधोमध एक बंद टब. तिथले व्हिडिओ पाहून तळ खाली घेतलेल्या गाडीत ५ किलोचा सिलिंडर ठेवला आणि नळी गळली, तर सगळा गॅस त्या टबात, पलंगाखाली साठतो. वरचं दार उघडं ठेवून तो जात नाही. सिलिंडरच्या पेटीला तळातून थेट बाहेर जाणारी जाळीची वाट हवी आणि पेटी आतून हवाबंद हवी. सुटी पेटी आणि पक्की वाट एकत्र जमत नाहीत, म्हणून सांगेकरांच्या पद्धतीत गॅस घेऊच नका.

इंडक्शन घेणाऱ्यांसाठी: १२ व्होल्टच्या १०० एएच (अँपिअर-अवर) लिथियम बॅटरीत सुमारे १२८० वॉट-अवर असतात आणि तिचा बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) बहुधा १०० अँपिअरचा. १२०० वॉटचं इंडक्शन, वर इन्व्हर्टरचा तोटा, म्हणजे १३०० च्या पुढे. बीएमएस बंद पडतो. ८०० वर लावतो म्हणाल, तर स्वस्त इंडक्शन कमी वॅटवर थांबत थांबत पूर्ण ताकदीनेच चालतं. दोन बॅटऱ्या समांतर जोडा, किंवा चहापुरती १२ व्होल्टची किटली ठेवा. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवा, फ्यूज तिच्या टोकापासून वीतभर अंतरात. डिचोलीकरांचा मागच्या वजनाचा प्रश्न यानेच निम्मा सुटतो. रॅम्पवरून खुर्ची ओढायची विंच असेल तर ती गाडीच्या बॅटरीवरच राहू द्या, आतल्या वापराच्या लिथियम बॅटरीला जोडू नका.

चाकावरची

रॅम्प ठेवूनही आतली मांडणी चुकली तर तो शोभेचाच. मधली वाट ८०० मिमीच्या खाली आणू नका. खुर्ची वळवायला १५०० मिमीचं वर्तुळ लागतं, ते व्हॅनमध्ये बसत नाही. त्यामुळे समोर तोंड करून आत, पाठमोरं बाहेर, हे गृहीत धरा. पलंग गादीसह ४५० ते ५०० मिमी, म्हणजे खुर्चीच्या बसायच्या उंचीला, नाहीतर अंग सरकवता येत नाही. ओटा ७५० मिमीवर आणि खाली गुडघ्यांसाठी मोकळा. कपाट तिथे घालायचा मोह होतो, तो टाळा.

आणि डिचोलीकरबाब, मागची हवा हवी असेल तर रॅम्प बाहेर उघडून टाका आणि दाराला चुंबकाची मच्छरजाळी लावा. रॅम्पची टोकं मातीत रुततात म्हणून खाली फळी द्या.

डिचोली फॅब्रिकेटर

दुमडता रॅम्प असेल तर ठेवतो, ही माझी आताची भूमिका. तळाखाली सरकणारा रॅम्प मात्र काढावाच. चोडण, दिवाडीच्या फेरीबोटीवर चढताना धक्क्याचा उतार आणि फेरीचा फळका यांच्या कोनात तो आधी घासतो, भरती-ओहोटीनुसार कमी-जास्त. एकदा रेल वाकली की रॅम्प बाहेरच येत नाही, आणि मग खुर्चीवरचा माणूस आतच अडकतो.

सांगेकर

त्यावर वाद नाही. पण काढलेला रॅम्प भंगारात देऊ नका. त्याचे माप, बोल्टची भोकं आणि फोटो आरसीच्या फायलीत ठेवा आणि पुढच्या मालकाला रॅम्पसकट द्या.