शर्ट इन करणारा मी एकटाच उरलोय का?

खोचलेला_शर्ट:
परवा आमची टीम लीड हळूच म्हणाली, "सर, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात की पोरांना वाटतं आज क्लायंट येणार." 1987 साली नोकरीला लागलो तेव्हा टाय सक्तीचा होता. लाइन प्रिंटरचं (अख्खी ओळ एकदम छापणारं यंत्र) झाकण उघडून वाकताना तो आत ओढला जाईल, म्हणून आम्ही टायचं टोक दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या मधून शर्टात खुपसायचो. त्यावर स्वेटर, कारण मशीन रूम, म्हणजे कम्प्युटरची खोली, कडाक्याची गार. एसी यंत्रांसाठी होता, आमच्यासाठी नव्हे. हे सगळं गेलं कधी? मला तरी कुणी सर्क्युलर काढल्याचं आठवत नाही.

मेनफ्रेमवाला:
आयबीएम या कम्प्युटर कंपनीत 1995 साली गेलं, तेव्हाचे प्रमुख लू गर्स्टनर यांच्या काळात. आयबीएम घडवणाऱ्या थोरल्या वॉटसनच्या गडद सूट-पांढऱ्या शर्टामागचा हिशोब साधा होता: गिऱ्हाईक सुटात असतं, तर त्याच्याकडे जाणाऱ्यानंही सुटात जावं. पुढे गिऱ्हाइकांनीच सूट सोडले, आयबीएमवाले मात्र घालून बसले. ज्यांना गिऱ्हाईक भेटतच नव्हतं, त्यांनी मुळात घातला कुठे? मायक्रोसॉफ्टचा 1978 चा ग्रुप फोटो बघा, नुसत्या दाढ्या आणि केस! तेव्हा तुमची पोरं बरोबरच बोलतात.

सेमीकोलनताई:
सैल झालं ते पुरुषांसाठी. मी टी-शर्टात मीटिंगला बसले की नवीन माणूस विचारतो, "इंटर्न का?" शेजारी चुरगळलेल्या हुडीत बसलेला मात्र त्याला बघताक्षणी आर्किटेक्ट (सॉफ्टवेअरची रचना ठरवणारा वरिष्ठ) वाटतो. (तो माझ्या हाताखाली आहे.) कम्प्युटरतज्ज्ञ आणि नौदल अधिकारी ग्रेस हॉपर भाषणांना नौदलाच्या गणवेशात जायच्या, त्यांना कोण विचारणार! डेमोच्या दिवशी मी अजून ब्लेझर चढवते. आवडतो म्हणून नाही.

नाइट_बिल्ड:
काका, हुडी हाही गणवेशच. 2012 मध्ये फेसबुकचा झुकरबर्ग हुडी घालून गुंतवणूकदारांना भेटला तर केवढी टीका झाली. आणि त्याच गड्यानं 2009 चं अख्खं वर्ष टाय लावला होता, वर्ष गंभीर आहे हे दाखवायला. एक टी-शर्ट घालून तर बघा.

खोचलेला_शर्ट:
ताई, इतकी वर्षं तुमच्यासारख्यांच्या शेजारी बसलो, पण हे कधी डोक्यातच आलं नाही. नाइट_बिल्ड, कुठल्याशा कॉन्फरन्सला फुकट मिळालेला टी-शर्ट कपाटात पडलाय, घडीही मोडलेली नाही. सोमवारी घालतो. फक्त एवढं सांगा, तो इन करायचा का?